हातचा

मुसफ्फ्यात आमचं स्टेशन, गॅरेजांच्या रांगेमागे.
ऑगस्टात डिशच्या पायाला हात लागला
तर सालपट निघतं.
आत सोळा अंशांत मी स्वेटर घालून बसतो
आणि पडद्यावरचं एक टेकाड बघत राहतो.

एकच.
मार्चपर्यंत दोन होती, शेजारी शेजारी,
मधे दोन घरांमधल्या बोळाएवढी मोकळी जागा.
डावं माझं, बेटाकडे जाणारं.
उजवं पुन्नूसचं, बेटाकडून येणारं.
भाडं दोन्हींचं, डॉलरांत.
मग कोणीतरी हिशेब केला, नवे मोडेम आले,
आणि एका दुपारी, फोनवर आकडे म्हणत म्हणत,
मी पुन्नूसला माझ्याच अंगावर सरकवून घेतलं.
त्याचं टेकाड माझ्यात शिरलं, दिसेनासं झालं.
भाडं निम्मं.

बेटाचं नाव दास.
आमच्या भाषेत याचा अर्थ काय ते सांगितलं तेव्हा
तो इतका हसला की लाइनवर खरखर आली.
म्हणाला, बरोबर आहे,
माझ्या खाटेवर दिवसा दुसरा दास झोपतो,
उशा दोन, घामाचा वास एक.

पण खाटेला पाळी असते.
इथे आम्ही दोघं एकाच पट्ट्यात, एकाच वेळी,
अख्खी रात्र बोलतो
आणि कोणी कोणाला थांब म्हणत नाही.

कसं जमतं, असं मुतवक्किलनं विचारलं,
सुदानहून आलेलं नवं पोरगं.
मी म्हटलं, शाळेतली वजाबाकी.
आपण जे बोललो त्याची एक प्रत
मोडेम हातचा म्हणून राखून ठेवतो.
वरून परत येतो तो वरणभात, मी आणि पुन्नूस कालवलेले.
हातचा पाव सेकंद धरून ठेवायचा,
वर जाऊन खाली यायला मला तेवढाच वेळ लागतो.
उपग्रह जरा डुलला की वेळही डुलतो, तोही मोजायचा.
मग त्यातून मला काढायचं.
उरेल तो पुन्नूस.

एक सांगायचं राहिलं:
मी त्याच्या दहापट मोठ्यानं बोललो
तर वजाबाकी फसते, माझाच कचरा उरतो.
मॅन्युअलमध्ये आहे ते,
तक्त्याखाली, बारीक अक्षरांत.

जूनमध्ये शमाल सुटला, बेटावरची डिश वाऱ्यानं फिरली.
पडद्यावर टेकाड होतं तसंच.
बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं ठीक.
मोडेमनं मला मोजलं, मला वजा केलं,
आणि खाली काही नव्हतं.
सबख्यासारखं सपाट, मिठाचं.
तीन रात्री मी त्या सपाटीकडे बघत
नेमाप्रमाणे बोलत राहिलो.

कुडाळला फोन लावतो तेव्हा वेगळाच घोळ.
कुंदा बोलते, मी बोलतो, दोघं थांबतो.
बोल.
नको, तू बोल.
पॅकमधली मिनिटं अशी गप्प बसून संपतात.
एकदा म्हणाली, मी सांगते दाराच्या बिजागरीचं
आणि तू ऐकतोस तुझ्या रजेचं.
खोटं नव्हतं ते.

काल थांबलो नाही.
पुन्नूस परत आला, असं मी सांगत होतो,
वाळूनं त्याचे डोळे कसे सुजलेत ते,
आणि त्याच वेळी ती काहीतरी.
बोलत राहा म्हटलं, मीही राहतो.
आवाज मात्र मी खाली आणला.
माझं मला पाठ होतं, ते बाजूला काढत गेलो.
नीट निघालं नाही, थोडं चिकटून राहिलं,
पण खालून येत होतं:
बिजागरी, सुतार येतो म्हणून न आलेला,
धाकटीच्या चष्म्याचा वाढलेला नंबर,
कुत्र्यानं पळवलेली एक चप्पल,
आणि एक प्रश्न, जो ती,
आत्ता कळलं,
मार्चपासून विचारत होती.